शुश्रूषेच्या खर्चाची तजवीज

प्रश्न : पक्षाघातामुळे माझे 72 वर्षांचे वडील अंथरुणाला खिळले आहेत. आरोग्यविमा असूनही घरी ठेवलेल्या परिचारकाचा खर्च कंपनी नाकारते. पुढची तजवीज कशी करावी?
— एक वाचक, सातारा

उत्तर : आरोग्यविमा चिकित्सेचा असतो, शुश्रूषेचा नव्हे, हा भेद बहुतेक कुटुंबांच्या ध्यानी येतो तो रुग्ण घरी आल्यावरच, कारण भरवणे, अंग पुसणे, शय्याव्रण होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस पालटणे, या नित्य सेवेचा अंतर्भाव सामान्य विमापत्रात सहसा नसतो, आणि सत्तरीपुढील नागरिकांना 2024 पासून लागू झालेले आयुष्मान भारत योजनेचे वार्षिक 5 लाख रुपयांचे संरक्षणही मुख्यतः रुग्णालयीन उपचारांसाठीच आहे.

सबब परिचारकाचे वेतन, त्याच्या रजेतला बदली माणूस, डायपर, हवेची गादी, फिजिओथेरपी यांचा दरमहाचा आकडा प्रथम कागदावर मांडावा, आणि तो निवृत्तिवेतन व ठेवींचे व्याज यांतून भागेल असे पाहावे. 30 लाखांपर्यंत रक्कम स्वीकारणारी ज्येष्ठ नागरिक बचत योजना दर तिमाहीस व्याज देते.

वडिलांची बुद्धी शाबूत आहे तोवरच बँकेचे खाते संयुक्त करून घ्यावे. कारण नुसत्या मुखत्यारपत्रावर विसंबल्यास, ते देणाऱ्याची विवेकशक्ती लोपताच करार कायद्याच्या कलम 201 अन्वये मुखत्यारी संपुष्टात येते. घर मुलांना द्यावयाचे झाल्यास बक्षीसपत्रात सांभाळाची अट स्पष्ट नमूद असावी, म्हणजे ती मोडल्यास 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम 23 खाली वडिलांना दाद मागता येईल.