वर्गात धंद्याचा खेळ: खर्च किती येतो आणि कुठे वाचतो

बीबीए, बीकॉम किंवा एमबीएच्या वर्गात सिम्युलेशन घ्यायचं ठरलं की पहिला आकडा समोर येतो तो माणशी लायसन्सचा. तो डॉलरमध्ये असतो, म्हणून लहान वाटतो. 'बिझनेस स्ट्रॅटेजी गेम' घ्या. त्यात विद्यार्थ्यांचे गट खेळाचे बूट बनवणाऱ्या कंपन्या चालवतात आणि एकमेकांशी स्पर्धा करतात. दर 45 ते 50 डॉलरच्या घरात. 50 डॉलर आणि डॉलरचा भाव 85 रुपये धरला, तर एका विद्यार्थ्याचे 4,250 आणि 60 जणांच्या वर्गाचे 2,55,000 रुपये होतात. त्यावर 18 टक्के जीएसटी लागला तर बिल 3,00,900 वर जातं. कार्डाने पैसे भरले तर परकीय चलनाच्या व्यवहारावर बँक साधारण 2 ते 3.5 टक्के घेते, ते वेगळे. जीएसटी नेमका कोणी भरायचा, हे कॉलेजच्या अकाउंट्स विभागाला आधीच विचारा.

माझा स्पष्ट सल्ला: पहिल्या वर्षी हा खर्च करू नका. 'बिअर गेम'ने सुरुवात करा.

1960च्या सुमारास एमआयटीच्या स्लोन स्कूलमध्ये जे फॉरेस्टर यांच्या गटाने बनवलेला हा खेळ आजही टेबलावर, कागदावर खेळता येतो. किरकोळ दुकानदार, घाऊक व्यापारी, वितरक आणि कारखाना अशा चार जागा. एकमेकांशी बोलायचं नाही, फक्त ऑर्डरची चिठ्ठी पुढे सरकवायची. माल पोहोचायला वेळ लागतो. गिऱ्हाइकाची मागणी आठवड्याला 4 खोकी असते, पाचव्या आठवड्यात ती 8 होते आणि तिथेच राहते. बदल एवढाच. तरी कारखान्यापर्यंत पोहोचेतो ऑर्डरी भलत्याच फुगतात, मग गोदामं तुंबतात. शिल्लक मालाला खोक्यामागे आठवड्याला अर्धा डॉलर खर्च, मागणी पुरवता आली नाही तर एक डॉलर. जॉन स्टरमन यांनी 1989मध्ये मांडलेल्या अभ्यासात खेळणाऱ्यांचा सरासरी खर्च शक्य तितक्या कमी खर्चाच्या सुमारे दहापट निघाला. विद्यार्थी एकमेकांना दोष देऊ लागतात, आणि शिकवण्याची खरी वेळ तीच.

एका जागेवर दोघे बसवले तर 60 जणांना खेळाचे आठ पट पुरतात. कार्डशीट, चिठ्ठ्या, मार्कर आणि खोक्यांच्या जागी चिंचोके, सगळं हजार-दीड हजारात बसतं. नावाला कॉलेजचा आक्षेप असेल तर कोकम सरबताच्या पेट्या करा, गणित तेच राहतं. खेळाला दीड तास, चर्चेला किमान एक तास ठेवा. चर्चा आटोपती घेतली तर विद्यार्थ्यांच्या लक्षात फक्त गोंधळ राहतो.

मार्केटिंगच्या वर्गाला किंमत ठरवणं शिकवायचं असेल तर एमआयटी स्लोनचं 'सॉल्ट सेलर' मोफत आहे. व्हिडिओ गेमच्या बाजारावरचं 'प्लॅटफॉर्म वॉर्स'ही तसंच. इथे खर्च कॉम्प्युटर लॅबच्या वेळेचा. मध्यम खर्चात हार्वर्ड बिझनेस पब्लिशिंगची सिम्युलेशन्स येतात, विद्यार्थ्यामागे साधारण 15 ते 20 डॉलर. त्यांतल्या एकात फ्लोरिडातल्या भाड्याच्या गाड्यांचे दर ठरवायचे असतात.

महागडं लायसन्स कधी परवडतं? खेळ पूर्ण सत्रभर चालणार असेल, प्रत्येक फेरीनंतर तास मिळणार असेल आणि गुण त्याला जोडलेले असतील तेव्हा. लारेशे आणि गातिन्यॉं यांचा 'मार्कस्ट्रॅट' ब्रँड, संशोधन आणि जाहिरात यांचा ताळमेळ खोलवर शिकवतो. पण दोन शनिवारांत तो उरकायचा असेल तर पैसे वाया गेले समजा.

विक्रेत्याला विचारा: लायसन्स माणशी की गटामागे? मुदत किती? विद्यार्थ्याने मध्येच प्रवेश रद्द केला तर पैसे परत मिळतात का? शिक्षकाचं खातं अनेकदा मोफत असतं. ते मागून घ्या आणि सगळ्या फेऱ्या स्वतः खेळून पाहा. पडद्यावरची भाषा इंग्रजीच असेल, तेव्हा मराठी माध्यमातून आलेल्या मुलांसाठी नेहमीच्या शब्दांची एक पानी यादी करून द्या. तिला फक्त झेरॉक्सचा खर्च येतो.

आणि पैसे विद्यार्थ्यांकडून घेणार असाल तर सगळा खर्च करांसह रुपयांत मांडून, प्रवेशाच्या वेळीच लेखी द्या.