तीन ग्लास, चार गोळे

बाह्या सरसावा आणि या इकडे टेबलापाशी. बघणाऱ्यांना तीन ग्लास आणि तीन गोळे दिसतील. चौथा गोळा फक्त तुम्हाला ठाऊक. सेलूत राहता, तेव्हा कापूस विकत आणायची गरज नाही. घरच्या नाहीतर शेजारच्या ढिगातून मूठभर उचला.

आधी सामान

१. कापसातली सरकी काढून टाका. एक जरी राहिली तरी गोळा टक्‌ करून वाजेल.

२. कापसाचे चार सारखे पुंजके करून प्रत्येकावर लाल लोकर गुंडाळा. गोळा छोट्या बोराएवढा हवा आणि चारही अगदी जुळे दिसायला हवेत.

३. जाड कागदाचे तीन एकसारखे ग्लास घ्या. स्टीलचे खणखणतात. गारुड्याच्या घुंडीवाल्या लाकडी वाट्या मिळाल्या तरी आज नकोत. त्या एकात एक बसत नाहीत आणि आपलं सगळं काम तिथंच आहे.

४. ग्लास उजेडासमोर धरून पाहा. आतली सावली दिसली तर तो बाद.

५. एका ग्लासात गोळा टाकून त्यात दुसरा ग्लास बसवा. वरचा ग्लास डोकं वर काढत असेल तर गोळा मोठा झालाय.

६. टेबलावर चादर दुहेरी घडी करून अंथरा. उघड्या लाकडावर गोळा घरंगळतो.

आता हात

७. एका ग्लासात गोळा टाका.

८. तो ग्लास रिकाम्या ग्लासात बसवा आणि त्याच्यात तिसरा. तोंडं वरच्या बाजूला.

९. ही चळत डाव्या हातात धरून उजव्या हाताने सर्वांत खालचा ग्लास ओढा आणि डावीकडे उपडा ठेवा.

१०. आता गोळ्याचा ग्लास तसाच ओढून मध्ये उपडा करा. खरी परीक्षा इथंच! मनगट एका झोकात वळलं की गोळा आतच राहतो. मध्येच थबकलात की टुणकन बाहेर. घाबरून झपाटा मारू नका, कारण दोन ग्लास सावकाश आणि एक घाईत गेला की लहान पोरगंसुद्धा त्याच ग्लासाकडे बोट दाखवेल. उलट करा: रिकाम्या ग्लासांनाही आत गोळा असल्यासारखंच वळवा.

११. उरलेला ग्लास उजवीकडे उपडा करा.

१२. हे आरशासमोर करत राहा. गोळा नेमका कुठल्या ग्लासात आहे हे क्षणभर तुम्हीच विसरलात की समजा हात बसला.

लोकांपुढे

१३. चौथा गोळा मधल्या ग्लासात लपवून बाकीचे तीन सर्वांत वरच्या ग्लासात आधीच टाकून ठेवा.

१४. ते तीन सगळ्यांसमोर टेबलावर ओता. चळत घट्ट धरा, नाहीतर चौथाही बाहेर पडेल.

१५. ग्लास ९ ते ११ प्रमाणे उपडे मांडा.

१६. एक गोळा मधल्या ग्लासाच्या पाठीवर ठेवा.

१७. बाजूचे दोन्ही ग्लास त्यावर चढवा.

१८. वर टिचकी मारा.

१९. तिन्ही ग्लास एकदम उचला. गोळा खाली! उचलताना तोंडं स्वतःकडे ठेवा. पुढे जमिनीवर बसलेले पोट्टे खालून वर बघतात.

२०. चळत सुलटी करून ग्लास पुन्हा मांडा, मधला नेमका त्या गोळ्यावर. लपलेला गोळा आपोआप मधल्याच ग्लासात आलेला असतो.

२१. दुसऱ्या गोळ्याने १६ ते २० करा. खाली दोन निघतील.

२२. तिसऱ्याने १६ ते १९ करा. तीन!

२३. तिन्ही गोळे पुढे सरकवा.

२४. ग्लास त्यांच्यामागे मांडा. मधल्याखाली आता चौथा आहे आणि कुणालाही पत्ता नाही.

शेवटची हातचलाखी

२५. पुढचा एक गोळा उचलून उजव्या हाताच्या मधल्या बोटाच्या आणि अनामिकेच्या मुळाशी ठेवा.

२६. ती दोन बोटं किंचित वाकवा. आवळू नका, अंगठा ताठला की चोरी कळते.

२७. उजवा हात डाव्या तळव्यावर पालथा करा, गोळा टाकल्यासारखा. गोळा मात्र बोटांतच राहू द्या. सराव करताना आधी खरोखर टाकून बघा आणि तीच हालचाल खोटी करा.

२८. डावी मूठ मिटा.

२९. उजवा हात सैल सोडून टेबलाच्या कडेला टेकवा.

३०. डाव्या मुठीकडे बघा. तुमची नजर उजवीकडे गेली की सगळ्यांची जाईल.

३१. फुंकर मारून मूठ उघडा.

३२. त्याच डाव्या हाताने मधला ग्लास उचला. गोळा तिथं!

३३. टेबलावरचे तीन गोळे उजव्या हाताने गोळा करून खिशात टाका. लपवलेला चौथाही त्यांच्याबरोबरच जातो.

३४. ग्लास लोकांच्या हाती द्या, खुशाल उलटेपालटे करू देत. “पुन्हा एकदा!” म्हणतील. चहा सांगा.