पिवळ्या वायरीला हात लावण्याआधी

आठवड्यात तिसऱ्यांदा व्हॅन ढकलून सुरू करावी लागली, तेव्हा मी बॅटरीवाल्याकडे गेलो. त्यानं मीटर लावून बघितला आणि म्हणाला, "काका, बॅटरी ठणठणीत आहे. तुमचा टेप रात्रभर करंट खातोय. काढून टाका."

गाडी जुनी ओम्नी, शाळेच्या मुलांची ने-आण करणारी. टेप आधीच्या मालकानं बाहेरून बसवून घेतलेला. रविवारी दुपारी मी एकटाच कामाला लागलो. कडेला स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटलं, टेप दोन बोटं पुढं आला आणि अडकला. मी जोर लावला. डॅशबोर्ड कडकन तडकला. मग पक्कड घेऊन मागच्या वायरी सरळ कापायला लागलो. पिवळी वायर तुटली, तिचं उघडं टोक पत्र्याला टेकलं, ठिणगी उडाली आणि क्षणात डॅशबोर्डखालून धूर. जळक्या रबराचा तो वास अजून विसरलेलो नाही. बॅटरीचं टर्मिनल सैल होतं म्हणून हातानंच उपटता आलं. ते घट्ट असतं तर काय झालं असतं, याचा विचार मी आजही करतो. दुसऱ्या दिवशी त्याच गाडीत मुलं बसणार होती.

एक फ्यूज तर टेपच्या पाठीवर होता, मग वायर का जळली? हे नीट समजून घ्या. तो फ्यूज टेपला सांभाळतो. बॅटरीपासून टेपपर्यंतच्या वायरीला सांभाळायला बॅटरीजवळच वेगळा फ्यूज लागतो. माझ्या गाडीत तो घातलेलाच नव्हता. अशी वायर पत्र्याला लागली की बॅटरी आपली सगळी ताकद तिच्यात ओतते आणि वायर तापून लाल होते. शिवाय लाल वायर पिवळीलाच पिळून जोडलेली होती. पिवळीला कायमचा करंट हवा, घड्याळ आणि स्टेशनं लक्षात राहावीत म्हणून. लाल चावीवर चालायला हवी. दोन्ही एकत्र केल्या की चावी न लावता गाणी वाजतात, पण चावी काढली तरी टेप पुरता झोपत नाही. बॅटरी उतरत होती ती यामुळं.

म्हणून पहिलं काम, दहा नंबरचा पाना घेऊन बॅटरीची निगेटिव्ह काढा आणि ते टोक कापडात गुंडाळून बाजूला ठेवा. बाकी सगळं त्यानंतर.

साधा एका खणाचा टेप १८० मिलिमीटर रुंद आणि ५० मिलिमीटर उंच असतो. तो पत्र्याच्या चौकटीत बसतो आणि चौकटीचे कान डॅशबोर्डच्या मागं वाकवलेले असतात. पुढची प्लास्टिकची कड अलगद काढली की दोन्ही बाजूंना चिरा दिसतात. त्यांत टेपबरोबर आलेल्या दोन चपट्या पट्ट्या घालायच्या, खटका सुटल्याचा आवाज येतो. पट्ट्या हरवल्या असतील तर हॅक्सॉच्या पात्याचे दोन तुकडे घासून बारीक करा, बऱ्याच टेपना चालतात. तरीही टेप अडला तर ओढू नका. पाठीमागं बोल्ट किंवा भोकाभोकांची पत्र्याची पट्टी लावलेली असते. खालून हात घालून, नाहीतर ग्लोव्ह बॉक्स काढून ती आधी सोडवा. माझा डॅशबोर्ड तडकला तो याच पट्टीनं. ओम्नीचं उत्पादन २०१९ साली थांबलं, त्यामुळं मला दुसरा डॅशबोर्ड जुन्या बाजारात शोधत फिरावं लागलं.

वायरी कापू नका. मोबाइलवर फोटो काढा, मग सॉकेट आणि अँटेनाची पिन सरळ ओढून सोडवा. पिवळी, लाल, काळी अर्थिंगची हा रंगांचा क्रम पुष्कळ टेपमध्ये सारखा असतो, पण दुकानदारानं पुढं कुठल्या रंगाची वायर जोडली असेल याचा भरवसा नाही. टेस्ट लॅम्पनं तपासा आणि प्रत्येकीवर कागदी टेपची चिठ्ठी लावा. स्पीकरच्या वायरी बॉडीला जोडायच्या नाहीत, तसं केल्यानं नवा टेप जळू शकतो.

नवा टेप लावायचा नसेल तर प्रत्येक टोक वेगळं बंद करा. सगळी टोकं एकाच चिकटपट्टीत गुंडाळलेली मी पाहिली आहेत. उन्हानं गोंद सुटतो आणि टोकं एकमेकांना भिडतात. पिवळी वायर तर बॅटरीकडूनच सोडवून टाकलेली बरी.

मी नवा टेप लावून घेतला तेव्हा बॅटरीजवळ फ्यूज बसेपर्यंत तिथून हललो नाही. त्याच्याबरोबर आलेल्या दोन चपट्या पट्ट्या आता गाडीच्या कागदांच्या पाकिटात असतात.