गोबर गॅसला जोर नाही? आधी दाब मोजा



उसाच्या नोंदीसाठी शेतावर फिरताना घरोघरी चहा होतो, आणि चहाला उशीर झाला की एकच तक्रार निघते, "गॅसला जोरच नाही हो साहेब." मग बहुतेक ठिकाणी पहिला उपाय काय? नवी शेगडी! पैसे जातात, जोर काही येत नाही. आमचे म्हणणे एवढेच, की खर्चाआधी दाब मोजावा.

मोजण्याचे साधन घरी होते. पारदर्शक प्लॅस्टिकची नळी यू आकारात फळीवर बसवा, कुंकवाचे पाणी निम्म्यापर्यंत भरा, शेजारी पट्टी ठोका. शेगडीच्या चावीआधी टी बसवून एक टोक तिला जोडा, दुसरे उघडे ठेवा. दोन्ही बाजूंच्या पातळीत जेवढा फरक, तेवढे सेंटिमीटर दाब. एका बाजूचा चढ मोजून दाब निम्माच धरणारे पुष्कळ भेटतात.

तरंगत्या लोखंडी टाकीच्या संयंत्रात दाब साधारण १० सें.मी. असतो. तो टाकीच्या वजनावर ठरतो. टाकी वर असो की खाली, त्यात फारसा फरक पडत नाही.

आता शेगडी बंद ठेवून एक वाचन घ्या आणि पेटवून दुसरे. बंद असता १० आणि पेटवल्यावर ४ आले तर टाकीला बोल लावू नका. दोष पाइपात आहे. गॅस टाकीतून उबदार व ओलसर निघतो, वाटेत थंड होतो आणि पाइप जिथे झोळ खातो तिथे पाणी साचते. ज्योत नाचू लागली की समजावे, पाणी आले. सखल जागी पाणी काढायची तोटी हवी आणि पाइपाचा उतार तिकडे हवा. पाणी नसेल, तर पाइप अंतराच्या मानाने बारीक आहे.

बंद असतानाच वाचन कमी असेल तर सांध्यांना साबणाचा फेस लावून गळती पाहा. काडी ओढून कधीही पाहू नका. गळती नसेल तर टाकी हाताने फिरवा. वाळलेल्या सायीत ती अडकलेली असते. तरीही दाब कमीच राहिला, तर वजन वाढवावे. त्याचा हिशेब सोपा आहे. एक चौरस मीटरवर १ सें.मी. दाबाला १० किलो लागतात. दीड मीटर व्यासाच्या टाकीचे क्षेत्रफळ सुमारे १.७७ चौरस मीटर, म्हणजे दर सेंटिमीटरला सुमारे १८ किलो. सातचे दहा करायचे तर ५३-५४ किलो. वजन कडेने सारख्या अंतरावर ठेवा. एकाच बाजूला धोंडा ठेवला की टाकी कलते आणि गॅस बाजूने निसटतो.

दाब ठीक झाला की हवेची चकती. ज्योत पिवळी व काजळी धरणारी असेल तर हवा वाढवा. बर्नरवरून उचलून फुरफुरत असेल तर कमी करा. निळी, स्थिर ज्योत हवी.

एक धोका मात्र ठासून सांगतो. गोबर गॅसमध्ये मिथेन ५५ ते ६० टक्केच, म्हणून सिलिंडरच्या शेगडीचे बारीक भोक त्याला पुरत नाही. काहीजण ते भोक मोठे करून घेतात आणि गॅस संपला की तीच शेगडी सिलिंडरला जोडतात! सिलिंडरचा गॅस सुमारे ३० सें.मी. दाबाने येतो. ज्योत भडकून घरच्या बाईच्या पदरापर्यंत जायला वेळ लागत नाही. दोन गॅसला दोन शेगड्या, यात काटकसर नको.

दीनबंधूसारख्या घुमटाच्या संयंत्रात दाब स्थिर नसतो. रात्रभर साठून पहाटे ८०-९० सें.मी.पर्यंत चढू शकतो आणि स्वयंपाक होता होता उतरतो. तिथे चावी पहाटे थोडीच उघडावी, पुढे वाढवत न्यावी. मोजायची नळीही उंच लागते, नाहीतर कुंकवाचे पाणी भिंतीवर!

पहिल्या वेळी मदत हवी असेल तर गटातल्या शेतकी मदतनीसाला सांगा. बोलवा मात्र स्वयंपाकाच्या वेळी. शेगडी पेटलेली नसेल तर दुसरे वाचन घेता येत नाही.