दोन डिस्क असूनही कॉम्प्युटर सुरू होत नाही, तेव्हा

व्यापारी बंधूंनो, पेढीच्या लिनक्स कॉम्प्युटरवर दोन डिस्कची जोडी असते. दोन्हींवर एकच हिशेब लिहिला जातो. याला रेड-१ म्हणतात. तरीही पहिली डिस्क बिघडताच मशीन सुरू होत नाही. उधारी बुडाली म्हणून घाबरू नका. हिशेब बहुधा दुसऱ्या डिस्कवर शाबूत असतो. मशीन सुरू करून देणारा 'ग्रब' मात्र पुष्कळदा पहिल्याच डिस्कवर बसवलेला असतो. माल गोदामात आहे, किल्ली हरवली आहे, एवढेच.

आता क्रमाने चला :

१) पेनड्राइव्हवरील लिनक्सने मशीन सुरू करा.

२) 'एमडीएडीएम' या प्रोग्रामला 'असेंबल' व 'स्कॅन' हा हुकूम द्या. एकच डिस्क असल्याने जोडी अडली, तर 'रन' हा हुकूमही द्या.

३) 'एमडीस्टॅट' फाईल पाहा. दोन 'यू' म्हणजे जोडी ठीक. एक 'यू' व एक आडवी रेघ म्हणजे एक डिस्क गळाली.

४) आधी हिशेबाची नक्कल वेगळ्या डिस्कवर घ्या.

५) मूळ सिस्टीममध्ये शिरून दुसऱ्या डिस्कवर ग्रब बसवा. नवी डिस्क 'ॲड' करून भरू द्या आणि तिच्यावरही ग्रब बसवा. ही रीत बायोसवर चालणाऱ्या मशीनची आहे.

घाईत 'क्रिएट' हुकूम कधीही देऊ नका. तो जोडीची जुनी नोंद मोडून नवी लिहितो. चांगला हिशेबही त्यात जाऊ शकतो.

शेवटी एक खबरदारी : जोडी म्हणजे नक्कल नव्हे. चुकून पुसलेले खाते दोन्हीकडून पुसले जाते. म्हणून आठवड्याची नक्कल दुकानाबाहेर ठेवावी.