किमान शिल्लक आणि दंडाचं गणित

मागच्या सेमिस्टरची गोष्ट. हॉस्टेलमधल्या शेजारच्या रूममधली मैत्रीण पासबुक प्रिंट करून आली आणि ते तिने थेट माझ्यासमोर धरलं. तीन महिने ओळीने काहीतरी रक्कम कापली होती आणि प्रत्येक वेळी खाली जीएसटी वेगळा. घरून यायचे पैसे लांबले, स्कॉलरशिपही आली नव्हती. खात्यात चारेकशे रुपये राहिले होते, ते असे झिरपून गेले. काउंटरवरच्या काकांनी एका वाक्यात निकाल दिला, "किमान शिल्लक ठेवली नाही ना!" मी पडले कॉन्व्हेंटवाली, "किमान शिल्लक" म्हणजे मिनिमम बॅलन्स हे मला त्या दिवशी कळलं. पण तिचा प्रश्न डोक्यातून जाईना. पैसे नाहीत म्हणून पैसे कापतात, हे कुठलं गणित?

आधी बँकेची बाजू बघू. खातं चालवायला खर्च येतो. शाखेचं भाडं, कर्मचारी, एटीएम, सर्व्हर, एसएमएस, केवायसीचे कागद. खात्यात पाचशे असोत की पाच लाख, हा खर्च जवळपास तेवढाच. आपल्या भाषेत फिक्स्ड कॉस्ट. तो निघतो कुठून? आपलेच पैसे कर्जाने देऊन. स्टेट बँकेने जून २०२५ मध्ये बचत खात्याचा व्याजदर अडीच टक्क्यांवर आणला. कर्ज सोयीसाठी नऊ टक्क्यांनी दिलं असं धरू. खात्यात वर्षभर सरासरी २०,००० रुपये असतील, तर आपल्याला ५०० रुपये मिळतात आणि कर्जावर १,८०० येतात. मधले १,३०० बँकेकडे. (सगळी ठेव कर्जाने देता येत नाही, काही भाग रिझर्व्ह बँकेकडे आणि सरकारी रोख्यांत ठेवावा लागतो, त्यामुळे खरा आकडा कमी भरेल.) म्हणजे "फुकट" खातं फुकट नसतंच. आपण बिल भरतो, फक्त ते पासबुकात दिसत नाही.

आता माझ्या मैत्रिणीचे चारशे रुपये घ्या. त्याच हिशोबाने बँकेला वर्षाला २६ रुपये सुटतात. त्यात काय होणार? तेव्हा बँकेची तक्रार अगदीच खोटी नाही, हे कबूल करायला हवं.

पण तक्रार खरी म्हणून दंड बरोबर ठरतो का? इलेक्ट्रिकलवाल्यांनी पॉवर फॅक्टर आठवावा. कारखान्याचा पॉवर फॅक्टर घसरला की तेवढ्याच कामासाठी लाइनमधून जास्त करंट वाहतो, तारा तापतात, वीज कंपनीचं खरंच नुकसान होतं. म्हणून त्या कारखान्याला जास्त बिल येतं आणि ते पटतं. खात्यातली शिल्लक घसरली तर बँकेची कुठली तार तापते? खर्च तेवढाच राहतो, फक्त कमाई घटते. मग याला दंड कसं म्हणायचं? ही झाली फी, आणि तीसुद्धा ज्याच्याकडे सगळ्यात कमी आहे त्याच्याकडून घेतलेली.

हे किती मोठं होऊ शकतं ते २०१७ साली दिसलं. स्टेट बँकेने २०१२ मध्ये बंद केलेली अट १ एप्रिल २०१७ पासून परत आणली. महानगरात सरासरी ५,००० रुपये ठेवा, नाहीतर महिन्याला १०० रुपयांपर्यंत दंड आणि वर कर. एप्रिल ते नोव्हेंबर या आठ महिन्यांत या दंडातून जवळपास १,७७२ कोटी रुपये जमले. त्याच वर्षी जुलै ते सप्टेंबर तिमाहीत बँकेचा नफा होता १,५८१ कोटी! ओरड झाली, आधी मर्यादा आणि दंड कमी झाला, आणि मार्च २०२० मध्ये अट पूर्ण काढली. २०२५ मध्ये कॅनरा बँक, पंजाब नॅशनल बँक, बँक ऑफ बडोदा यांनीही तेच केलं. उलट त्याच ऑगस्टमध्ये आयसीआयसीआय बँकेने महानगरातल्या नव्या खात्यांसाठी ५०,००० ची अट जाहीर केली आणि काही दिवसांतच ती १५,००० वर आणली.

इंग्लंडमध्ये आपल्या बचत खात्यासारखं रोजच्या वापराचं जे खातं असतं, त्याला करंट अकाउंट म्हणतात. तिथे मिडलँड बँकेने १९८४ मध्ये, खात्यात पैसे असतील तोवर शुल्क नाही, अशी योजना काढली आणि बाकीच्या बँका मागे आल्या. पण ज्यांचं खातं उणे व्हायचं त्यांच्याकडून जबर शुल्क निघायचं. बहुतेकांचं फुकट बँकिंग थोड्यांच्या अडचणीवर चालायचं. ठराविक रकमेची ही शुल्कं शेवटी २०२० मध्ये तिथल्या नियामकाने बंद केली.

माझे एक काका सीए आहेत. ते म्हणतात, "मोठ्या शिल्लकवाल्याने लहान्याचा खर्च का उचलावा? सगळ्यांना सरळ वर्षाला शंभर रुपये लावा." प्रामाणिक उत्तर आहे हे, दंडापेक्षा नक्की बरं. तरी मला पटत नाही, कारण खातं आता हौस राहिलेलं नाही. महाडीबीटीची स्कॉलरशिप खात्यातच येते, ती हातात घेता येत नाही. जिथे खातं काढणं भागच आहे, तिथे साधं खातं मोफत असावं. लॉकर, डिमांड ड्राफ्ट, भारीतली कार्डं यांचे पैसे खुशाल घ्या.

गंमत म्हणजे असं खातं आहे! रिझर्व्ह बँकेने २०१२ मध्येच सगळ्या बँकांना "बेसिक सेव्हिंग्ज" खातं द्यायला सांगितलंय. किमान शिल्लक शून्य, महिन्यातून निदान चार वेळा पैसे काढता येतात, आणि ते गरीब-श्रीमंत कुणालाही मिळतं. अट एवढीच की त्या बँकेत दुसरं बचत खातं नको. आणि साध्या खात्यातही, एप्रिल २०१५ पासूनच्या नियमानुसार, दंडाआधी कळवावं लागतं, दंड तुटीच्या प्रमाणात हवा, आणि दंडामुळे खातं उणे करता येत नाही.

आम्ही दोघी अर्ज घेऊन गेलो. "असलं खातं आमच्याकडे नसतं," हे पहिलं उत्तर. मैत्रिणीने मोबाइलवर त्याच बँकेच्या वेबसाइटचं पान उघडून दाखवलं. मग साहेबांनी चष्मा लावला, आत जाऊन कुणाला तरी विचारलं, आणि फॉर्म मिळाला. आठवड्यात खातं बदललं. कापलेले पैसे मात्र परत आले नाहीत, त्यासाठी दुसरा अर्ज दिलाय.