आज स्टेटसला काय टाकू?

ताईंनो, गटाचं वाळवण विकायला आपल्यातल्या बऱ्याच जणी व्हॉट्सॲप स्टेटस वापरतात. ते २४ तासांत जातं. पण रोज पापडाचा तोच फोटो दिसला की गिऱ्हाईक बघेनासं होतं. पावसाळा लागला की उरलेला माल सादळतो, कर्जाचा हप्ता मात्र थांबत नाही. म्हणून रोज काहीतरी नवं हवं. ते आपल्या कामातच सापडतं.

१. काम दाखवा. कुरडईचे गहू तीन दिवस भिजतात. भिजलेले गहू, काढलेला चीक, साच्यातून पडणारी कुरडई, उन्हातली खाट : एका कामाचे चार फोटो, चार दिवस.

२. प्रश्न वहीत लिहा. "तेल किती तापवायचं?", "वर्षभर टिकेल का?" असं कुणी विचारलं की लगेच टिपा. एका प्रश्नाचं उत्तर म्हणजे एक स्टेटस.

३. कॅलेंडर बघा. आषाढी एकादशीच्या दहा दिवस आधीच उपवासाचे पापड, साबुदाण्याच्या चकल्या दाखवा. आदल्या दिवशी दाखवून ऑर्डर येत नाही.

४. आपलाच फोटो टाका. दुसऱ्याचा देखणा फोटो टाकला आणि पुडीत वेगळंच निघालं, तर गिऱ्हाईक परत येत नाही.

फोटोखाली वजन आणि भाव लिहायला विसरू नका.

पुढच्या बैठकीत : बचत जमा झाली की दहा मिनिटं काढा. सात दिवसांचे सात विषय वहीत लिहा आणि कोणता फोटो कोण काढणार, तेही ठरवा.